पाव शिळा होण्याआधी

पनवेलमध्ये चांगली बेकरी कोणती, असं विचारलं तर उत्तरात बहुधा दोनच वस्तू येतात: काचेच्या थंड कपाटातली पेस्ट्री आणि काउंटरच्या कडेला गॅसवर भाजलं जाणारं सँडविच. बेकरी जुन्या गावात असो, सिडकोने आखलेल्या नवीन पनवेलच्या सेक्टरात असो किंवा खांदा कॉलनीतल्या एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात असो, तिचं नाव होतं ते याच दोन गोष्टींवर. पावाची लादी सहसा कुणी वाखाणत नाही. ती सकाळी मिळावी, गरम असावी, बस्स. पाहुण्यांना न्यायचं ते पेस्ट्री खायला, आणि वाढदिवसाच्या केकची ऑर्डरही तिथेच द्यायची. मला हा कौतुकाचा क्रम पटत नाही. पेस्ट्री ही छोट्या बेकरीची सगळ्यात उसनी वस्तू आहे. बेकरीवाल्याचं कसब पारखायचं असेल तर त्याचं सँडविच बघावं, टोस्ट बघावा, लादी किती वाजता निघते ते बघावं. या सगळ्यांच्या मागे एकच अडचण उभी असते: आज भाजलेला पाव उद्यापर्यंत शिळा होणार. ती अडचण कशी निभावली जाते यावर वस्तीतल्या बेकरीचं मोल ठरतं, आणि ती टिकावी की टिकू नये याचा विचारही तिथूनच सुरू करायला हवा.

पाव शिळा होतो म्हणजे तो वाळतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो अर्धाच खरा आहे. ज्या 1852 साली पनवेलला नगरपालिका मिळाली त्याच साली झां-बाप्तिस्त बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की ओलावा जराही उडू दिला नाही तरी पाव शिळा होतोच, आणि असा पाव पुन्हा तापवला की बराचसा मऊही होतो. कारण पिठातल्या स्टार्चमध्ये आहे. भट्टीत स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची घट्ट रचना मोडते. पाव निवला की ते रेणू हळूहळू पुन्हा एकमेकांना बिलगून रांगा धरू लागतात. त्यामुळे गर कडक लागतो, कुस्करला तर भुगा होतो, आणि पाण्याचा अंश तेवढाच असूनही खाताना कोरडा वाटतो. साधारण 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की या रांगा सैल होतात, म्हणून तव्यावर टाकलेला कालचा पाव घटकाभर ताजा वाटतो. उलट फ्रिजमधल्या चार-पाच अंशांना हीच क्रिया सर्वांत वेगाने होते. पाव टिकावा म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवणारी घरं बुरशीपासून त्याला वाचवतात खरी, पण त्याचं शिळेपण ओढवून आणतात.

ही एवढी रसायनविद्या समजली की बेकरीच्या धंद्याची रचना आपोआप उलगडते. वेळेशी झुंजण्याचे दोन मार्ग आहेत. एक कारखान्याचा. पिठात इमल्सिफायर आणि एन्झाइम घालून स्टार्चचं ते रांग धरणं लांबवायचं, कॅल्शियम प्रोपियोनेट घालून बुरशी थोपवायची, काप करून प्लॅस्टिकमध्ये बंद करायचे आणि ट्रकने शंभर किलोमीटरवर पोचवायचे. दुसरा मार्ग जवळ असण्याचा. गिऱ्हाइकाच्या घरापासून चार पावलांवर भाजायचं, म्हणजे शिळं व्हायला वेळच मिळत नाही. आपली लादी दुसऱ्या मार्गावरची आहे. तिच्यात दूध-लोणी जवळपास नसतंच, साखर नावाला, आणि पाव एकमेकांना चिकटून भाजल्यामुळे बाजूंना कवच धरत नाही. मऊपणा हाच तिचा गुण, आणि तोच सर्वांत आधी जातो. सकाळी सहाला घेतलेली लादी रात्री मिसळीबरोबर खाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पनवेलसारख्या गावात पाव रुजला कसा, हेही इथे पाहण्याजोगं आहे, कारण हा मुलूख पावाचा नव्हेच. कोलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, भातशेतीचा. इथे तांदळाची भाकरी, घावन, पेज. जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज दोनशेहून अधिक वर्षं होते, पण विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या कथा ज्या किनाऱ्यावर सांगितल्या जात, तिथे तो पदार्थ चुलीजवळ यायला वेळ लागणारच होता. माझ्या मते त्याला घरात आणलं ते घड्याळाने. पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणारे रस्ते पनवेलजवळ फुटतात. आजचा 66 क्रमांकाचा महामार्ग इथूनच निघून कन्याकुमारीला जातो. 1998 मध्ये हार्बर लाइनची लोकल पनवेलपर्यंत आली आणि पहाटेची गाडी पकडून मुंबईला जाणारी घरं वाढत गेली. पहाटे पाचला भाकऱ्या थापणं प्रत्येक घराला जमत नाही. पाव आणि चहा, पाव आणि ऑम्लेट, पाव आणि कालची उसळ हे जमतं. तेव्हा बेकरीने इथे चवीपेक्षा वेळेची सोय विकली, आणि सकाळी ती अजूनही तेच विकते.

लाकडाच्या भट्टीवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बेकरीत या वेळेच्या हिशेबाचं सगळ्यात देखणं रूप दिसतं. विटांची भट्टी रात्री पेटवून तापवतात, निखारे बाजूला सारतात आणि कडक आच असताना, म्हणजे दोनशे अंशांच्या वर, आधी पाव भाजून घेतात. आच थोडी उतरली की खारी आणि बटर, मग नानकटाई, आणि शेवटी नुसती ऊब उरली की त्यात टोस्ट वाळायला ठेवतात. लाकूड एकदाच जळतं, पण त्यावर निरनिराळ्या स्वभावाचा माल निघतो. टोस्टचा पाव वेगळा असतो, जरा गोड, वेलची किंवा बडीशेप घातलेला. तो मुद्दाम एक दिवस शिळा करतात, कारण ताज्या पावाला सुरी लावली की काप फाटतात. म्हणजे ज्या शिळेपणाला बेकरीवाला सकाळी भितो, त्यालाच तो संध्याकाळी कामाला लावतो. उरलेल्या पावाचा चुरा कटलेटवाल्याकडे जातो. केकच्या कापलेल्या कडा कोको आणि सरबतात मळून त्यांचे चॉकलेट बॉल होतात, आणि ते बहुधा पेस्ट्रीच्याच शेजारी मांडलेले असतात. ज्याने पाव फुकट जाऊ दिला त्याचा धंदा बसला, इतका हा हिशेब काटेकोर आहे. लादीतला नफा मुळातच इतका पातळ असतो की दोन-चार लाद्या रोज उरल्या तरी तो पुसला जातो.

आता सँडविच. ते करायला सोपं दिसतं, म्हणूनच त्यात लबाडीलाही जागा आहे आणि कसबालाही. ब्रेड अगदी ताजा असून चालत नाही. चार-सहा तास निवलेला किंवा आदल्या दिवशीचा हवा, तरच काप सरळ पडतो आणि बटर लावताना गर उखडत नाही. बटर चवीसाठी असतंच, पण त्याचं मोठं काम राखणदारीचं आहे. कडेपासून कडेपर्यंत सलग थर लावला की काकडी-टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. मध्ये एक गोळा फिरवून सोडला की दहा मिनिटांत तळ ओला. वर हिरवी चटणी. कोथिंबीर, मिरची, लिंबू यांबरोबर ब्रेडच्या कापलेल्या कडा वाटणात घालायची पद्धत आहे, त्याने चटणीला दाटपणा येतो आणि ती ओघळत नाही. मग उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो, बीट, कांदा. मीठ-मसाला भुरभुरायचा तो अगदी शेवटी, भाजायला ठेवण्याच्या क्षणी, कारण मिठाने काकडीला पाणी सुटतं. नंतर लांब दांड्याच्या लोखंडी टोस्टरच्या दोन पाळ्यांमध्ये ते बंद करून गॅसवर उलटसुलट. इथे बुसँगोचा नियम गल्लीत उतरतो: कालच्या ब्रेडमधल्या स्टार्चच्या रांगा मोडतात, आतला गर पुन्हा मऊ होतो, वरचं कवच कुरकुरीत. ज्या पावाची किंमत सकाळी सर्वाधिक होती आणि संध्याकाळी जवळपास शून्यावर यायची, तो दुपारी चार वाजता त्याच्या मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकला जातो, आणि गिऱ्हाइकाला फसवून नव्हे. पदार्थ खरोखरच त्या वयाच्या पावाचा चांगला होतो. यावरून एक व्यवहारी गोष्टही निघते. थंड कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं त्रिकोणी सँडविच हे बेकरीतलं सर्वांत वाईट सँडविच असतं. ते दिसतं नीटनेटकं, पण ज्या तापमानाला पाव सर्वाधिक वेगाने शिळा होतो तिथेच ते तासन्‌तास पडलेलं असतं.

पेस्ट्रीची गोष्ट वेगळी. पायनॅपल पेस्ट्रीचा एक तुकडा बशीत आडवा करून पाहावा. खाली-वर स्पंज, मध्ये साखरेचं पाणी मुरवलेलं, त्यावर पांढरी क्रीम, डब्यातल्या अननसाचे बारीक तुकडे आणि माथ्यावर लालभडक चेरी. स्पंज बहुतेक ठिकाणी तयार प्रीमिक्सचा असतो. त्यात तेल आणि पाणी घालून फेटलं की झालं. एगलेसची मागणी वाढल्यापासून तर प्रीमिक्स अधिकच सोयीचा, कारण अंड्याशिवाय केकला उभं ठेवणं हे खरं अवघड काम आणि ते पिशवीत विकत मिळतं. क्रीम म्हणून जी मिळते ती बरेचदा दुधाची नसतेच, वनस्पती तेलाची असते. म्हणून पनवेलच्या मे महिन्यातल्या उकाड्यातही ती चटकन ढासळत नाही. चेरी ही पुष्कळदा रंगवून पाकवलेलं करवंद असते. (कर्नाळ्याच्या डोंगरात उन्हाळ्यात फुकट मिळणारं करवंद आपण लाल रंग देऊन केकवर बसवलेलं विकत घेतो, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.) टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. यात गैर काहीच नाही, पण हा सगळा माल मोठ्या साखळी दुकानांना जिथून जातो तशाच पुरवठादारांकडून छोट्या बेकरीलाही येतो. मग साखळी दुकानाच्या पेस्ट्रीत आणि गल्लीतल्या पेस्ट्रीत फरक उरतो तो हात किती सफाईचा आहे याचा आणि कपाट किती थंड आहे याचा. जवळ असण्याचा फायदा पेस्ट्रीला मिळत नाही. तेलाचा स्पंज थंडीतही मऊ राहतो आणि दोन दिवस टिकतो.

असं असूनही पेस्ट्रीवाचून छोटी बेकरी उभी राहू शकत नाही, आणि इथे माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो: पेस्ट्रीच जर पैसा मिळवून देत असेल, तर तीच बेकरीची खरी वस्तू का म्हणू नये? उत्तर असं की भाडं कोण भरतं आणि लोकांना दुकान कशासाठी लागतं, हे दोन प्रश्न एक नव्हेत. लादी स्वस्तच राहावी अशी सगळ्यांची अपेक्षा असते. वडापाववाला, मिसळवाला, चाळीतलं घर, सगळे तिच्यावर अवलंबून. सरकारचीही दृष्टी तीच आहे. जीएसटी आला तेव्हापासून साध्या पावावर कर नाही, आणि केक-पेस्ट्रीवर मात्र 18 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. ही कपात बेकरीवाल्यांच्या बाजूची वाटते, पण जरा बारकाईने पाहावं. केवळ माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणजे अगदी लहान बेकरी पेस्ट्रीवर हा कर लावतच नव्हती. साखळी दुकान लावत होतं. कर उतरल्यावर दोघांच्या किमतीतलं अंतर कमी झालं ते मोठ्याच्या सोयीने. पेस्ट्रीवर विसंबून राहणं छोट्या बेकरीला जोखमीचं का आहे, याचं याहून ताजं उदाहरण शोधायला नको. सँडविचच्या बाबतीत अशी स्पर्धा लावणं अवघड आहे. ते चार वाजता, समोर, गरम करून द्यावं लागतं.

दुसरा आक्षेप घरपोच सेवांचा. दहा मिनिटांत ब्रेड दारात येतो, मग चालत जायचं कशाला? पण दहा मिनिटं ही गोदामापासून दारापर्यंतची असतात. भट्टीपासून गोदामापर्यंत किती दिवस गेले, हे पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय कळत नाही. पोचवण्याचा वेग आणि ताजेपणा यांची गल्लत आपल्याकडे फार सहज होते.

स्वच्छतेचा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. छोट्या बेकरीची मागची खोली गिऱ्हाइकाला दिसत नाही; तिथे रात्रभर उकाड्यात काम करणारी माणसं, पिठाच्या गोण्या, तेलाचे डबे, आणि कधी कधी उंदीर-झुरळंही. फक्त एवढंच की मोठ्या आकारामुळे माल आपोआप सुरक्षित होतो असं नाही. 2016 च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने तिथल्या ब्रेडच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट आणि आयोडेट सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या नमुन्यांत नावाजलेल्या कंपन्यांचेही ब्रेड होते. त्यानंतर जूनमध्ये ब्रोमेटवर देशभर बंदी आली. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, ती खारीवाल्यालाही लागू आणि बिस्किटाच्या कारखान्यालाही. गिऱ्हाइकाच्या हातात काय आहे? अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक दुकानात लावलेला आहे का ते पाहणं, खारी चाखल्यावर टाळूला मेणचट थर चिकटतो का ते पाहणं, आणि सर्वांत उपयोगी म्हणजे पाव किती वाजता निघाला हे सरळ विचारणं. ज्याला वेळ सांगता येते, तो बहुधा स्वतः भाजतो. ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे पाव दुसरीकडून येतो, आणि पनवेल परिसरात अशीही दुकानं आहेतच, पाटी बेकरीची आणि आत नुसता काउंटर.

मैद्याबद्दलचं म्हणणं लवकर उरकता येईल. मैदा हा मैदाच, तो गल्लीत भाजला म्हणून पौष्टिक होत नाही. पण ज्यांना तो टाळायचा आहे त्यांनी पुष्कळदा केवळ रंगाने तपकिरी झालेला पाकीटबंद ब्रेड घेऊन समाधान मानू नये. घटकांच्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे ते वाचावं.

राहिला धुराचा मुद्दा, आणि तो येत्या काळात सगळ्यात मोठा ठरेल. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. पनवेल त्याच महानगर प्रदेशात येतं, शिवाय तालुक्यातच आता विमानतळ आहे. इथल्या भट्ट्यांवरही तोच दंडक येणार हे गृहीत धरूनच चालावं. धूर शेजाऱ्याच्या फुफ्फुसात जातो, तेव्हा या आदेशाला विरोध करता येत नाही आणि करूही नये. मात्र त्याची किंमत कोणत्या वस्तूवर पडणार, हे आधीच समजून घ्यायला हवं. विटांच्या भट्टीची उतरती आच फुकट मिळत होती. गॅसचा किंवा विजेचा ओव्हन पाव काढल्यावर बंद करता येतो, म्हणून नानकटाईचा आणि टोस्टचा खर्च आता वेगळा मोजावा लागेल. नव्या ओव्हनचा हप्ता त्यावर आणखी. लादीचे भाव फार वाढवता येणार नाहीत, ते वाढले तर वडापावच्या गाडीपासून घरापर्यंत ओरड होते. मग हप्ता निघणार कुठून? पेस्ट्रीच्या कपाटातून काही, आणि उरलेला सँडविचच्या टोस्टरमधून. बेकरीवाला हुशार असेल तर ओव्हनसाठी कर्ज काढतानाच काउंटरवर दुसरा टोस्टर ठेवायची जागा मोजून घेईल.